मेलेल्यांचा रकाना

डॉ. सिद्धेश्वरी हत्तुरेला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. लग्नकार्यात नवऱ्याची मामेबहीण समोर येऊन उभी राहिली तरी ही आपली "बरंय ना सगळं?" एवढ्यावर वेळ मारून न्यायची. पण एखादं हृदय एकदा इकोच्या पडद्यावर बघितलं की दहा वर्षांनीही तिला ओळखू येई. घरचे याला विसरभोळेपणा म्हणत आणि हॉस्पिटलातले हुशारी म्हणत. बावन्नाव्या वर्षी तिला स्वतःला दोन्हीचा सारखाच कंटाळा आला होता.

कंटाळा तसा सगळ्याचाच आला होता. हार्ट अटॅक आलेली माणसं दवाखान्यात इतक्या उशिरा का पोचतात, हे तिचं एक संशोधन. आणि हृदयात छिद्र घेऊन जन्मलेल्या मुलांचं पुढं काय होतं, हे दुसरं, अकरा वर्षं चाललेलं. गावोगावच्या तपासणी शिबिरांतून आठशे बारा मुलं नोंदवली होती. दर वर्षी त्यांच्या घरी माणूस जाई. कुणाची शस्त्रक्रिया झाली, कुणाचं छिद्र आपोआप बुजलं, कुणी गाव सोडलं आणि कुणी वारलं, असे चार रकाने. मेलेल्यांच्या रकान्यात एकेचाळीस मुलं होती. त्या आकड्यावर तिचा एक मोठा लेख छापून आला होता, दिल्लीला टाळ्याही मिळाल्या होत्या. त्या टाळ्या ऐकताना तिच्या मनात आलं होतं, आता कधी एकदा घरी जाऊन पाय पसरते.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत पंखा गरम हवाच ढवळत होता. सिद्धेश्वरी वॉर्डात सिद्धाप्पा नावाच्या एका म्हाताऱ्यापाशी चौदा पानी फॉर्म घेऊन बसली होती. मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ, वय एकसष्ट. दोन दिवसांपूर्वी अटॅक आला होता, शीर मोकळी करून झाली होती आणि गडी आता उठून बसायची घाई करत होता. छातीत कळ सकाळी सातला आली आणि तो दवाखान्यात पोचला दुपारी तीनला. मधल्या आठ तासांचा हिशेब सांगताना त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं. आधी ओवा खाल्ला, मग सोडा प्याला, मग चुलतभावाची वाट बघितली, कारण मेंढरं कुणाच्या तरी ताब्यात देणं भाग होतं. "मुकी जनावरं हायती, बाई. त्येंची सोय लावल्याबिगर कसं यायचं?" असं त्यानं उलट तिलाच विचारलं. फॉर्ममध्ये 'उशिराचं कारण' या प्रश्नाला सहा पर्याय होते आणि त्यांत मेंढरं नव्हती. तिनं 'इतर' वर खूण केली. निम्म्या जिल्ह्याचं कारण 'इतर'मध्येच पडलं होतं.

तेवढ्यात जिना चढून त्याची सून सुकन्या आली आणि तिच्या मागून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. सून सरळ खाटेपाशी गेली. मुलगी दारातच भिंतीला टेकून दोन मजल्यांचा दम गोळा करत राहिली. फ्रॉकच्या आत छातीची डावी बाजू पुढं आलेली दिसत होती. सिद्धेश्वरीनं फॉर्म बाजूला ठेवला आणि न विचारताच पोरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आत जातं फिरत असल्यासारखी घरघर होती.

नाव विचारलं तर आई म्हणाली, कोंडाबाई. वर्गात सगळ्या स्वरा आणि अन्वी असायच्या दिवसांत या पोरीचं नाव कोंडाबाई. सिद्धेश्वरीला तेव्हाच काही सुचायला हवं होतं, पण दमलेल्या माणसाला सुचत नाही. ती पोरीला घेऊन इकोच्या खोलीत गेली.

पडद्यावर हृदय आलं आणि तिचा हात थबकला. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला दोन छिद्रं होती, एक वर आणि एक त्याच्या जरा खाली. शिवाय डाव्या बाजूनं एक जादा शीर उतरत होती. ती क्वचित कुणाला असते आणि तिच्यानं काही बिघडत नाही. पण ही दोन छिद्रं आणि ही शीर, हे सगळं तिनं एकदा बघितलं होतं. नुसतं बघितलं नव्हतं, तर शिबिरातला प्रिंटर बंद पडला म्हणून पेन्सिलीनं काढून ठेवलं होतं.

तिनं कपाट उघडलं. तीनशे सतरा नंबरची फाईल काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाच महिन्यांची मुलगी, गाव तेच, नाव अक्षता. आतलं चित्र पडद्यावरच्या हृदयाशी तंतोतंत जुळत होतं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'मृत्यू, वय दोन वर्षं', आणि खाली तिची स्वतःची सही होती. आणि ती मेलेली मुलगी बाहेर बाकड्यावर बसून ग्लुकोजचं बिस्किट खात होती.

सिद्धेश्वरीनं सुकन्याला आत बोलावून विचारलं, ही पोर लहानपणी शिबिरात दाखवली होती का? सुकन्या म्हणाली, कधीच कुठं दाखवली नाही. मग अक्षता कोण, असं विचारायला सिद्धेश्वरीनं तोंड उघडलं, नाव निम्मं बाहेर पडलं, आणि सुकन्या धावत बाकड्याकडं गेली. तिनं दोन्ही हातांनी पोरीचे कान दाबून धरले.

"ती मेली," ती म्हणाली. "ती कवाच मेली, बाई. तिचं नाव काडू नगा."

पोरगी आईच्या हातांमधून बिस्किट चावत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण इकोमध्ये दुसरंही दिसलं होतं. छिद्रांतून जादा रक्त जाऊन जाऊन फुप्फुसांतल्या नळ्यांचा दाब चढला होता. सिद्धेश्वरीनं पुण्याच्या डॉ. आदिनाथांना फोन लावला. मुलांची हृदयं शिवण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी तिला माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. हा दाब जन्मापासून आहे की नंतर वाढलाय? जन्मापासूनचा असेल तर छिद्रं बुजवली की मुलगी टेबलावरच जाईल. नंतर चढलेला असेल तर अजून वेळ आहे, पण फार नाही. तपासण्या करूच, पण जुना कागद असेल तर पाठवा, म्हणजे मला ठरवता येईल. नसेल तर मी हात लावायला कचरेन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

जुना कागद तिच्या मांडीवर होता. पाच महिन्यांची असताना दाब जवळजवळ ठीक होता, हे तिच्याच अक्षरात होतं. पण तो कागद एका मेलेल्या मुलीचा होता, आणि एका मुलीचे कागद दुसरीला लावून सर्जनच्या हातात सुरी देणं तिच्यानं होणार नव्हतं. तिची खात्री होती, पण खात्री म्हणजे कबुली नव्हे. घरातल्या कुणीतरी म्हणायला हवं होतं की ही तीच.

तिनं मंजुनाथला बोलावून घेतलं. मंजुनाथ अक्कलकोटचा, अकरा वर्षं प्रकल्पासाठी मोटारसायकलवरून गावं पालथी घालणारा. मराठी आणि कानडी दोन्हीत लोकांशी सारखंच गोड बोलायचा. तीनशे सतराचा मृत्यू त्यानंच लिहून आणला होता. फाईल बघून तो खुर्चीवर बसलाच.

"आईनं स्वतः सांगितलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "रडली की ओ ती. खरं रडली."

मग त्यानं पोरीचं आताचं नाव विचारलं. कोंडाबाई ऐकल्यावर त्यानं डोक्याला हात लावला आणि हळूहळू सगळं सांगितलं. ज्या घरात पोरं वाचत नाहीत तिथं नंतरचं मूल विकून टाकतात. लेकुरवाळ्या बाईच्या ओटीत घालायचं, तिच्याकडून सूपभर कोंडा घ्यायचा, की मूल तिचं झालं. मग तेच मूल 'तुझी पोर आम्ही सांभाळतो' म्हणून परत आणायचं आणि कोंडा नाव ठेवायचं. मरण दारात आलं तर त्याला ती पोर सापडत नाही. जुनं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही, आणि त्या नावानं विचारत कुणी आलंच तर मेली म्हणून सांगायचं. त्याच्या आजोळी एक मामाही असाच होता. आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं, असं तो दोनदा म्हणाला.

सिद्धेश्वरी त्याला रागावली नाही. रागवायला बळ लागतं, आणि शिवाय नियम तिचाच होता. पहिल्या वर्षी मंजुनाथनं विचारलं होतं, मूल गेलं म्हणाले तर दाखला मागायचा का? खेड्यात तान्ह्या पोरांच्या मरणाचा दाखला कोण काढतो? आणि पोर गेलेल्या बाईकडं कागद कोण मागणार? तिनं सांगितलं होतं, आईनं तोंडानं सांगितलं की लिहायचं, जास्त खोदायचं नाही. तेव्हा तिला ती माणुसकी वाटली होती. आता वाटलं, ते उंटावरून शेळ्या हाकणं होतं, आणि माणुसकी हे त्याचं गोंडस नाव.

त्यांनी चौकशी केली. सुकन्याची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. तिसरीच्या काळजाला होल आहे म्हटल्यावर सिद्धाप्पानंच बिरोबासमोर पोर शेजारच्या नागव्वाच्या ओटीत घातली होती. नागव्वाची पाचही पोरं धडधाकट होती. म्हणजे कबुली द्यायची तर सिद्धाप्पानंच. आणि परवा अटॅक येऊन गेलेल्या माणसाला असं काही विचारावं की नाही, हे तिच्या वैद्यकीच्या पुस्तकांत तिला कुठं सापडेना.

शेवटी तिनं विचारलंच. सुकन्या आणि पोरगी खाली चहाला गेल्या होत्या. खाटेशेजारी स्टूल ओढून तिनं त्याला सगळं साध्या भाषेत सांगितलं. दाब म्हणजे काय, तो कसा चढत जातो, पुण्याचा डॉक्टर काय म्हणतो. म्हातारा छताकडं बघत ऐकत होता. मग त्यानं सौदा करून बघितला. तुमच्या वहीत ती मेलेली आहे ना, मग तिथं मेलेली असू द्या आणि इथं जिवंत असू द्या, तुमचं काय अडतं? तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याला ते पहिल्या वेळीच कळलं होतं, नुसता वेळ काढत होता.

"सात वरसं फसवलंय तिला," तो म्हणाला. कुणाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. "आता म्या आपल्या तोंडानं म्हनायचं की ही बग, हितं हाय."

सिद्धेश्वरीचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण या पोरीला सात वर्षं कुणी सांभाळलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला आपल्या प्रकल्पाचं नाव सांगता आलं नसतं.

"वहीतनं तिचं नाव काडलं की ती जागा रिकामी ऱ्हाती," म्हातारा म्हणाला. "रिकामी ठिवू नगा. माजं नाव टाका तितं."

"ती वही लहान मुलांची आहे, सिद्धाप्पा."

"मग सुनंला इचारू नगा. तिला म्हनाया लावू नगा. म्याच म्हनतो. धरलं तर मला धरंल, माजं आता काय ऱ्हायलंय."

त्यानं दाराकडं बघून घेतलं. सिद्धेश्वरीनं त्याचं मनगट हातात घेतलं. मॉनिटरवरचे ठोके शहाण्णवचे एकशे अठरा झाले, आणि तिला वाटलं, नको, पुरे. पण तोवर त्यानं नाव घेतलं होतं. स्पष्ट आणि मोठ्यानं, मेंढपाळ लांबच्या मेंढराला हाक मारतो तसं.

"अक्षता. आमचीच हाय. तीच ही."

मग त्यानं डोळे मिटून घेतले. ठोके खाली यायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ दोघंही काय होतंय याची वाट बघत बसले होते, म्हातारा त्याच्या कारणानं आणि डॉक्टर तिच्या. काही झालं नाही. संध्याकाळी त्यानं उप्पीट खाल्लं, मीठ कमी आहे म्हणून नर्सशी हुज्जत घातली आणि मेंढरांची खुशाली विचारायला गावाकडं फोन लावायला लावला. सिद्धेश्वरीला त्या दिवशी फार वर्षांनी रडू आलं. तिनं ते गाडीत, एसी चालू करून, उरकून घेतलं.

पुढं जून संपायच्या आत पोरीचं ऑपरेशन झालं. डॉ. आदिनाथांनी फोनवर सांगितलं, झालं ते चांगलं झालं, पण आणखी सहा महिने गेले असते तर मी नाही म्हणालो असतो. सुकन्यानं पुण्याहूनच नागव्वाला कळवलं. नागव्वानं कानडीत रडून घेतलं आणि मराठीत विचारलं की माझी पोर परत कधी आणताय.

लेखातली दुरुस्ती सिद्धेश्वरीनं मासिकाला लिहून पाठवली. एकेचाळीसऐवजी चाळीस. विभागप्रमुख म्हणाले, आठशेत एक, त्यानं निष्कर्षाला धक्कासुद्धा लागत नाही, कशाला उगीच हात दाखवून अवलक्षण? ती मान डोलावून आपल्या खोलीत आली. तिला तो एक नव्हे, ते सहा महिने टोचत होते. शितावरून भाताची परीक्षा करायची असते हे तिनं आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आता शीत कच्चं निघालं होतं आणि भात तसाच वाढून ठेवला होता. उरलेल्या चाळिसांत अजून एखादं पोर असंच दुसऱ्या नावानं कुठं शाळेत जात असेल, जिना चढताना भिंतीला टेकत असेल. मेलेलं म्हणून लिहिलंय, म्हणून त्याच्या घरी कुणी जात नसेल. आणि त्याचेही सहा महिने चालू असतील.

म्हणून ती स्वतः निघाली. मंजुनाथ बरोबर होताच. चाळीस घरं, तीही करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत विखुरलेली. नवरा म्हणाला, या वयात आता हे काय काढलंस? तिची कंबर दुखत होती, हे खरं.

करकंबला एका बापानं तिला उसाच्या बांधावर नेलं. तिथं एक दगड होता. तिनं फाईलवर 'खात्री' असं लिहिलं आणि त्याच्याशी ऊन, पाणी आणि कारखाना यांवर बोलत परत आली. दुसऱ्या घरी आजीनं फोटो दाखवला. तिसऱ्या घराला कुलूप होतं. चौथं घर वेळापूरच्या पुढं, माळाला लागून. दोनशे सहा नंबर, शहाजी. रडलं की निळं पडणारं पोर, दीड वर्षाचं असताना गेलं अशी नोंद. असता तर आता दहा वर्षांचा असता. आई राजाबाई दारात ज्वारी पाखडत बसली होती.

सिद्धेश्वरीनं पाणी मागून घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली. आधीच्या दोन घरांत तिनं बोलायची एक पद्धत बसवली होती. आधी सांगायचं की आम्ही कुणावर रागावलेलो नाही. काही घरांत पोराला दृष्ट लागू नये, म्हणून नाव बदलतात, दुसऱ्याच्या ओटीत घालतात आणि विचारलं तर गेला म्हणून सांगतात. त्यात काही चूक नाही, आमच्या एका मुलीचं असंच झालं होतं. ती आम्हाला जिवंत सापडली, तिचं ऑपरेशन झालं आणि आता ती चांगली आहे. शेवटी विचारायचं.

"शहाजी खरंच गेला का हो, ताई?"

सूप थांबलं. राजाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग मंजुनाथकडं, मग पुन्हा तिच्याकडं. या बाईचं पोर गेलंय, हे सिद्धेश्वरीला तेव्हाच कळलं. आपण काय विचारून बसलो, हेही त्याच घडीला कळलं, पण शब्द बाहेर पडले होते. राजाबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं आणि ते आता कुणालाच थोपवता येणार नव्हतं.

"का वो?" राजाबाईनं अगदी बारीक आवाजात विचारलं. "तुमाला कुटं दिसला का त्यो?"

सिद्धेश्वरीनं मान हलवली. नाही म्हणाली. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, नाही म्हणाली.

राजाबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती उठली. अंगणाच्या टोकाला त्यांची गाडी उभी होती. तिथपर्यंत गेली, उन्हात काचेवर दोन्ही हातांचा आडोसा केला आणि आत वाकून बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन मागच्या काचेतूनही बघितलं.